उलटी वायर

जळालेल्या मोटारींचं वायंडिंग नव्याने भरून देणारा तो कारागीर उद्यमनगरात बसायचा. नाव कधी विचारलं नाही. मोटारीला हात लावायचा तो कायम उलटा, बाळाचा ताप बघावा तसा.

प्रयोगशाळेतल्या पंपाची भरून झालेली मोटार आणायला मी गेलो, तेव्हा डबीतला स्फटिकही कौतुकाने दाखवला. चार वर्षं खपून वाढवलेला, शेंगदाण्याएवढा.

"ह्याच्या आतून वीज जात नाही," मी म्हटलं. "जाते ती फक्त वरून."

त्याने स्फटिकाला उलटा हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"म्हंजी वायर उलटीच केलीसा की, पावणं! रबर आत आन् तांबं भाईर. तोडला तर?"

"तुटली ती बाजूही बाहेरची होते. तिच्यावरूनही जाते."

"मग लईच डेंजर हाय की ह्ये!"

मी मोटार रिक्षात ठेवून आलो, तोवर त्याने डबी बंद करून हातात दिली. पैसे घेतले ते मोटारीचेच.

प्रयोगशाळेत सरांसमोर डबी उघडली. स्फटिकाला चारी बाजूंनी वायरीला लावतात ती काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, कुठे एक सुरकुती नाही.

चार वर्षांत माझ्या संशोधनाची कुणी एवढी काळजी घेतली नव्हती.