टिकारामचा काला आणि क्रेनचे झटके

टिकाराम क्रेनवाला भिलाईच्या पोलाद कारखान्यात एकच गोष्ट मिरवायचा: बायकोच्या हातचा काला. जवळच्या कुरुद गावातल्या घरून गिरजाबाई पसरट डबा भरून द्यायची आणि दुपारी वर क्रेनच्या केबिनमध्ये तो उघडायचा. भात, बेसन, अंबाडी, लोणचं, सगळं एकजीव. "असा काला कोनाची बायको करते, सांगा!" तो वरूनच खालच्यांना ओरडून विचारी.

क्रेनही त्याची औरच होती. दोन टोकांना दोन मोटरी, आणि दोघींचं कधी पटलं नाही. एक पुढे पळायची, दुसरी अडून बसायची. हँडल फिरवलं की असा झटका बसे की टोपी पुढे आणि टिकाराम मागे.

सन नव्वद उलटल्यावर कारखान्याच्या साहेबांनी तिला ड्राइव्ह बसवला. दिसायला नुसतं लोखंडी कपाट, पण गुणाचं. एकटंच दोन्ही मोटरींना वीज देई, आधी थोडी, मग चढती, त्यामुळे दोघी जोडीने निघत आणि जोडीने थांबत. पहिल्या दिवशी क्रेन निघाली हे टिकारामला बाहेरचा खांब मागे सरकला तेव्हा कळलं.

दुपारी त्याने डबा उघडला. भात एका कोपऱ्यात, बेसन दुसऱ्या, अंबाडी तिसरीकडे तोंड फिरवून. गिरजा रुसली! त्याने घास घेतला. बेसन खारट, अंबाडी आंबटढोण. रागातला स्वयंपाक, दुसरं काय! बिचारा दिवसभर आपला गुन्हा शोधत बसला.

"गिरजे, कावून रागावली?" घरात शिरताच तो म्हणाला. "आज काला कावून नाही केला?"

"कोनता काला? मी तं लग्नापासून येगयेगळंच भरून देऊन राहिली."

टिकारामला ते सगळे झटके आठवले. त्याने कपाळावर हात मारला आणि हकिगत सांगितली. गिरजाबाई पोट धरून हसली, मग एकदम थांबली.

"म्हंजे माह्या हातचं तुमी आजच खाल्लं? कसं लागलं?"

टिकारामची इतक्या वर्षांची तारीफ आता एका उत्तरावर लटकली होती. तो नव्या क्रेनसारखा हळूच निघाला. "बेसन... म्हंजे... मीठ तसं..." पुढे काही सरकलाच नाही.

गिरजाबाई स्वतःही रोज सगळं कालवूनच खायची. तिने पातेल्यातलं नुसतं बेसन चाखलं, मग नुसती अंबाडी, आणि तोंड वाकडं करून झाकण ठेवलं. टिकारामला वाटलं, संपलं.

सकाळी तिने डबा भरला, झाकण घट्ट लावलं, दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला आणि त्याच्यासमोर आदळला.

"घ्या. क्रेन सुधरली तं सुधरू द्या. आता झटके मी देत जाईन."