डब्यातले फासे

राग आलेल्या माणसाजवळ किस्से लई साठतात. खूश माणूस विसरून जातो, चिडलेला मात्र घरी जाऊन भाकरी थापताना परत परत घोळवत बसतो. मी एसटीत कंडक्टर, बारा वर्षं झाली. गाडीतले किस्से काढले तर पोतं भरंल. पण ते राहू द्या. गेल्या वर्षभरात मला सगळ्यात जास्त राग आणला तो तीन शिकल्या-सवरल्या, प्रेमळ माणसांनी. त्यांचंच सांगते.

*

पल्लवी बँकेत कामाला, रोज माझ्या गाडीनं शहरातून गंगापूरला जाणार. एकदा ब्रेक लागला, तिची पर्स पडली अन् रंगीबेरंगी फासे सीटखाली घरंगळत गेले. ती बाई साडी सावरत गाडीत गुडघ्यावर. मी पण शोधायला लागले. एक फासा सापडला तर त्याला वीस तोंडं.

म्हणलं, "बाई, बँकेत नोकरी अन् वर जुगार?"

झालं! गंगापूर येईस्तोवर ती मला समजावत होती. एकजण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कुणी जादूगार, कुणी राजपुत्र. काय करायचं ते आपण बोलायचं, फासा टाकायचा, मोठा आकडा आला तर जमलं, छोटा आला तर फसलं. अन् गोष्ट सांगणाऱ्याचा शब्द शेवटचा. उतरताना म्हणाली, "ताई, रविवारी याच तुम्ही."

मी गेले. तिथं फैज होता, मूळचा सिल्लोडचा, त्याचं मेडिकल आहे अन् मेडिकलच्या वरच्या खोलीत हा खेळ. गोष्ट तोच सांगायचा. अन् प्रसाद होता, वाळूजला कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. त्याला नियमांची तीन जाड पुस्तकं तोंडपाठ.

पहिल्याच दिवशी त्यांनी एक रीत सांगितली. इथं ज्याचे त्याचे स्वतःचे फासे, दुसऱ्यानं हात लावायचा नाय. नव्या माणसानं बिस्किटाच्या डब्यातले जुने वापरायचे. तो आपला झाला असं सगळ्यांना वाटलं की सगळे मिळून त्याला फासे देतात. तोवर पाहुणा. काय खेळायचं, कुणाला घ्यायचं, यात पाहुण्याला मत नाय.

मला ते फासे पाहिजे होते, लपवून काय करू? दिवसभर गाडीत "ओ बाई", घरी "अगं ए". अन् या खोलीत मी जंगलातनं फिरत होते. रविवारची सुट्टी मिळावी म्हणून मी दर शनिवारी लांब पल्ल्याची ड्यूटी मागून घ्यायला लागले. गंमत म्हणून कुणी असं करत नाय.

*

पहिल्या रविवारी माझं पात्र बनवायचं होतं.

प्रसाद म्हणाला, "ताई, तुम्ही हीलर घ्या. जखमा बऱ्या करायच्या."

"मला कुऱ्हाड पाहिजे."

"नवीन लोकांना हीलरच सोपा जातो."

"मी घरी पोराला, नवऱ्याला अन् सासूला गोळ्या देऊन आले. इथं पण गोळ्याच देऊ का?"

तिघं एकमेकांकडं बघायला लागले. मग फैज म्हणाला, "दे दो रे कुऱ्हाड." कुऱ्हाड मिळाली. पण प्रसादनं माझ्या कागदावर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'हीलर' लिहूनच ठेवलं, पुढं लागलं तर असावं म्हणून. अजून तसंच आहे.

*

मग त्यांना वाटलं, ताईंना पिक्चर पण दाखवले पाहिजेत. अकरा पिक्चरची यादी केली, क्रमानं. मी सहज बोलून गेले की यातला तिसरा मी टीव्हीवर हिंदीत पाहिलाय.

पल्लवीनं कपाळाला हात लावला. प्रसाद उठून गॅलरीत गेला. घरात कुणी गेल्यासारखी तोंडं.

"तिसरा आधी? अन् हिंदीत?" पल्लवी म्हणाली.

म्हणलं, चुकलं बाबा, लावा पहिला. लावला. दर दोन मिनिटाला पिक्चर थांबवायचा अन् प्रसाद सांगणार, हे मागं निळं दिसतंय ना, ते लक्षात ठेवा, सातव्यात लागणार आहे. चाळीस मिनिटात तो नायक घराबाहेर पडला नाय. मी विचारलं, "पिक्चर दाखवताय का पंचनामा करताय?"

अन् एक जागा अशी आली की तिघांनी टीव्हीकडं बघायचं सोडलं आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागले. पल्लवीनं तर मोबाईल धरला. पुढं कुणीतरी मरणार होतं अन् मी कशी रडते ते त्यांना बघायचं होतं. पहाटे चारला उठलेली मी, मला झोप लागली होती.

तो व्हिडिओ पल्लवीजवळ आहे. तो मरतो अन् मी घोरते. प्रसाद आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाय. म्हणजे राग त्याला यावा!

*

खेळातली एक गोष्ट सांगते. आम्ही एका किल्ल्याच्या दारात पोचलो, दारात राक्षस. फैजनं तीन आठवडे खपून त्या लढाईची तयारी केली होती, पुठ्ठ्याचा किल्ला अन् राक्षस पण बनवला होता. सगळ्यांनी तलवारी काढल्या.

मी म्हणलं, "थांबा. त्याला विचारा, जेवलास का?"

फैज गडबडला. राक्षसाच्या आवाजात म्हणाला, "नाही. दोन दिवस बदली ड्यूटीवाला आला नाही."

म्हणलं, "जा, खाऊन ये. दार मी बघते." मी डब्यातला फासा टाकला, अठरा पडले. राक्षस गेला की जेवायला! फैज खूश होऊन टेबलावर थापा मारायला लागला.

प्रसाद म्हणाला, "असं चालणार नाही. मारला नाही तर पॉइंट मिळत नाहीत." मग मत घेतलं. पल्लवी अन् प्रसाद लढाईच्या बाजूनं. मला मत नाय. राक्षसाला जेवणावरून उठवून परत बोलावलं आणि मारलं. मला त्या पुठ्ठ्याच्या राक्षसाचं लई वाईट वाटलं. ताटावरनं माणसाला उठवू नये, एवढं तर कळावं.

*

एका कॉलेजच्या हॉलमध्ये या लोकांचा मेळा होता. सगळे वेगवेगळे वेष करून येणार. आमचे तिघं झगे, टोप्या, तलवारी घालून गेले. मी ड्यूटी संपवून तशीच पोचले, खाकी, बिल्ला, खांद्याला बॅग. दारातच कुणीतरी खाकीवर नंबराची चिठ्ठी चिकटवली अन् एका पोरीनं फोटो मागितला. मग दुसरीनं. तासाभरानं माईकवरून माझा नंबर पुकारला. वेषभूषेत तिसरं बक्षीस.

परीक्षक अंगरखा घातलेला एक तरुण. म्हणाला, "खूप ऑथेंटिक आहे. पण दोन चुका आहेत. बिल्ला जरा वर हवा होता. आणि कंडक्टर अशा चपला घालत नाहीत."

मी म्हणलं, "कोण घालत नाय?"

प्रसाद मागून कानात सांगतोय, "ताई, प्लीज बोलू नका, खरी कंडक्टर आहात कळलं तर बाद करतील." मी गप्प बसले. बारा वर्षं त्याच चपलांवर उभी राहून नोकरी केली, अन् एका झगेवाल्याकडून ऐकून घेतलं. का, तर त्या तिघांची मान खाली जाऊ नये.

*

आठव्या महिन्यात रोहित आला. प्रसादच्याच कंपनीत नवीन लागलेला, पंचवीसचा. वागायला वाईट नाय. पण पहिल्या दिवशी मला "मावशी" म्हणाला अन् मी काही म्हणायच्या आत मला हीलरचे फायदे समजावून सांगायला लागला.

चौथ्या रविवारी प्रसादनं खिशातून मखमली थैली काढली. हिरवे फासे, नवे कोरे. रोहितला दिले. फैजनं मिठी मारली, पल्लवीनं टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. त्याचाच जास्त राग येतो.

खाली उतरताना मी पल्लवीला विचारलं, "तीन आठवड्यात कसा काय आपला झाला?"

"त्याला सगळं आधीच येतं ना, ताई."

"अन् मला काय येत नाय?"

"तसं नाही हो. तुम्ही अजून शिकताय."

दुसऱ्या दिवशी ती गाडीत चढली. तिकीट दिलं, सुट्टे दिले, शब्द दिला नाय. तिनं दोनदा माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर. तसे तीन महिने काढले, तरी रविवार मात्र चुकवला नाय. सोडून दिलं असतं तर तेच खरे ठरले असते.

*

अन् मागच्या महिन्यात फैजचा आवाज बसला. हातात गुळण्यांचा पेला, तोंडातून नुसती हवा. प्रसाद म्हणाला, आज कॅन्सल करू, गोष्ट कोण सांगणार?

मी म्हणलं, "मी सांगते. सांगणाऱ्याला स्वतःचे फासे लागतात, असं कुठं लिहिलंय का, प्रसादराव?"

त्यानं पुस्तक चाळलं. नव्हतं लिहिलेलं. फैजनं मान हलवली अन् हातानंच सांगितलं, बैठो.

म्हणलं, "तुम्ही तिघं लासूर स्टेशनला उभे आहात. बाजाराचा दिवस. अंधार पडायच्या आत गंगापूरला पोचायचं, नायतर तिथला राजा मरणार. एसटी आली. गच्च भरलेली."

"आम्ही घोडे घेतो," प्रसाद म्हणाला.

"घोडे नायत."

"का नाहीत?"

"मी सांगते म्हणून नायत. शब्द शेवटचा कुणाचा?"

तिघं चढले. प्रसाद खेळात एल्फ, म्हणजे टोकदार कानांचा, शेकडो वर्षं जगणारा. त्याचं डोकं चाललं. "माझा एल्फ तीनशे चाळीस वर्षांचा आहे. ज्येष्ठ नागरिक. प्रवास फुकट."

"आधार कार्ड दाखवा."

त्यानं खरंच आपला कागद उलटा-पालटा करून बघितला. "एल्फला आधार नसतं."

"मग पूर्ण तिकीट. उभं राहा."

रोहित म्हणाला, "मावशी, मी राजपुत्र आहे."

"राजपुत्राला राखीव सीट नाय. आमदार आहेस का?"

"नाही."

"माजी?"

पल्लवीच्या जादूगारणीला अर्धं तिकीट दिलं. तिनं मंत्र टाकला, सगळ्या प्रवाशांना झोप येऊ दे. फासा टाकला, सतरा. म्हणलं, "झोपले सगळे. सीटवरच झोपले. आता तर कुणी उठतच नाय."

मग रोहितनं आपला हिरवा फासा टाकला अन् खुर्चीवरून उडालाच. "वीस! वीस पडले की जमतंच, मावशी, रूल आहे. मी सीटवर बसलो."

"बसलास. ती सीट महिलांसाठी राखीव. वर लिहिलंय. ऊठ."

"पण वीस पडलेत."

"लिहिलेलं वाच."

प्रसाद तिन्ही पुस्तकं काढून भराभरा पानं उलटत होता. "ताई, असा रूल यात कुठंच नाही."

"तुमच्या पुस्तकात नसंल. माझ्या गाडीत आहे."

रोहित रडकुंडीला आला. "म्हणजे गंगापूरपर्यंत उभंच राहायचं?"

"मी अकरा महिने उभी आहे. तुला गंगापूर जड जातंय?"

फैजचा पेला हातातच राहिला. पल्लवीनं खाली बघितलं. प्रसादनं पुस्तक मिटलं.

मी म्हणलं, "पुढं सरका, दारात गर्दी करू नका." अन् तोंडानंच दोनदा घंटी मारून गाडी सोडली.