बेलापूरची मांडणी

पुण्याहून गाडी सुटली तेव्हा पाठीवरची पिशवी मी पोटावर घेतली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी हसून विचारलं, "काय, दागिने का?" मी म्हणालो, "कागदपत्रं आहेत." ओळख ना पाळख, माणूस दागिन्यांची चौकशी का करतो? दौंड येईपर्यंत मी त्यांच्यावर नजर ठेवून होतो. दौंडला त्यांनी पेरू घेतले आणि एक मलाही दिला. मी तो हातात धरून बसलो, खाल्ला मात्र नाही. मी हिशेब तपासनीस आहे. लोक सांगतात ते खरं मानण्याचा पगार मला कोणी देत नाही.

पिशवीत चाळीस पानांची गड्डी होती. रमीची नव्हे. राक्षस, पशू, मंत्र यांची चित्रं असलेली हजारो पानं बाजारात मिळतात, त्यांतली चाळीस निवडून प्रत्येकाने आपली गड्डी बांधायची आणि समोरच्याशी लढायचं, असा हा खेळ. नवखा माणूस गड्डीत सगळी दांडगी पानं भरतो आणि त्यातलं एकही खाली न ठेवता मरतो, कारण दांडगं पान उतरवायला आधी बळ साठवावं लागतं. माझ्या गड्डीत एकच ड्रॅगन होता. बाकीची पानं त्याच्या चाकरीला: काही त्याला लवकर हातात आणणारी, काही तोवर मला जिवंत ठेवणारी. बायको म्हणते, संसार एवढा जुळवून केला असतास तर!

पुण्यातल्या आमच्या संघात पाचवी जागा रिकामी होती. आमचा कप्तान प्रसाद म्हणाला होता, "बेलापूरची खुली स्पर्धा जिंकून ये, जागा तुझी." बाकीचे चौघे माझ्या निम्म्या वयाचे. ही संधी गेली तर मला पुन्हा कोणी विचारणार नाही, हे मला दिसत होतं, आणि ती जागा मला फार हवी होती.

बेलापूर स्टेशनवर उतरलो आणि पहिली ठेच लागली. रिक्षावाला म्हणाला, "बेलापूर व्हय? बसा, सोडतो."

"बेलापुरातच तर उभा आहे की मी!"

"न्हाई साहेब, ठेसनाचं नाव बेलापूर हाय. हे गाव श्रीरामपूर. बेलापूर तिकडं, प्रवरेच्या काठाला."

असल्या थापांना मी बधत नाही. चहावाल्याला विचारलं, तो तेच म्हणाला. पोलिसाला विचारलं, तोही तेच म्हणाला. तिघे मिळून एकाला गंडवतील असं वाटेना, म्हणून बसलो. दोन्ही अंगांना ऊस उभा होता, मधून पाटाचं पाणी वाहत होतं आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे आमची रिक्षा धुरळा खात चालली होती. गोड वास येत होता. नकाशा मी मोबाईलवर उघडाच ठेवला होता.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. लग्नाची तिथी नसल्यामुळे ते रिकामं मिळालं होतं. दारातच एका अगडबंब माणसाने माझा हात धरून गदागदा हलवला. हे दिगूभाऊ, गावात बी-बियाण्यांचं दुकान चालवणारे आणि स्पर्धेचे आयोजक.

"या पाव्हणं! पुण्याचं ना? तुमाला हरवायचं म्हणून मी रातभर झोपलो न्हाई बघा."

म्हणजे आयोजकच खेळणार! मी कान टवकारले. पंच म्हणून खुर्चीवर बसलेल्या निर्मलाताई हायस्कुलात गणित शिकवतात आणि नात्याने दिगूभाऊंच्या मेहुणी लागतात, हे कळल्यावर तर मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. दुकान यांचं, तराजूही यांचाच.

सकाळच्या फेऱ्या मी सहज काढल्या. कॉलेजातली पोरं होती, एक कंपाउंडर होता. मजा म्हणजे इथे प्रत्येक पानाला गावचं नाव आहे. माझा ड्रॅगन खाली पडला की सगळे ओरडायचे, "बंब आला, बंब!" (अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब, याच्याही पोटात जाळ आणि डोक्यावर धूर.) बारीकसारीक पशूंना ते चिलटं म्हणतात. दिगूभाऊंची गड्डी जवळजवळ सगळी चिलटांचीच, तरी तेही जिंकत आले. अंतिम सामना आम्हा दोघांत ठरला.

मग निर्मलाताई म्हणाल्या, "चला, मांडणी करून घ्या."

मांडणी म्हणजे काय, ते मला कळेना. त्यांनी समजावलं. मागे कोणीतरी गड्डीत नकली पानं घुसवली म्हणून इथे हाणामारी झाली होती. तेव्हापासून अंतिम सामन्याआधी दोघांनीही आपली चाळीसच्या चाळीस पानं सतरंजीवर उताणी मांडायची आणि एकमेकांची पाहून घ्यायची, असा रिवाज पडला.

"म्हणजे माझे सगळे डाव यांना आधीच कळणार?"

"तुम्हाला त्यांचे कळणारच की," त्या म्हणाल्या.

काय करता! मांडली. दिगूभाऊ कौतुकाने माझी रचना पाहत राहिले. "लई भारी बांधलीय हो. ह्या बंबापुढं माझं काय खरं न्हाई." मी त्यांची पानं एकेक करून तपासली. त्यात सापळ्याचं एकही पान नव्हतं. सापळा पालथा ठेवतात, आणि समोरच्याने हल्ला केला की तो हल्ला त्याच्यावरच उलटतो. एवढा मुरलेला खेळाडू सापळा ठेवणार नाही? शक्यच नव्हतं.

"एकही सापळा नाही?" मी विचारलं.

"तसं दबा धरून बसायचं आपल्याला जमत न्हाई."

दोन्ही गड्ड्या पंचांच्या टेबलावर गेल्या आणि आम्हाला जेवायला बसवलं. शेंगोळे होते (हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कड्या, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेल्या), बाजरीची भाकरी आणि वर तुपाचा आग्रह. मला सुस्ती यावी म्हणून तर हे चाललं नाही? चव अशी होती की शंका घेत घेत मी तीनदा वाढून घेतलं. तेवढ्यात दिगूभाऊ उठले, टेबलापाशी गेले, मेहुणीशी काहीतरी बोलले आणि तिथून काहीतरी उचलून त्यांनी खिशात टाकलं. मांडणी एका गड्डीची आणि खेळ दुसऱ्या गड्डीचा, असा बेत होता तर!

सामना सुरू झाला. सगळं माझ्या मनासारखं घडत गेलं आणि बंब उतरला. एक हल्ला, की काम तमाम. दिगूभाऊंसमोर दोन चिलटं होती आणि एक पालथं पान. फक्त एक.

मी त्या पानाकडे पाहिलं, मग त्यांच्या खिशाकडे. ते घामाघूम झाले होते, आणि मला तेही नाटक वाटलं. मी हल्ला केला नाही. सापळा उडवून लावणारं माझ्या गड्डीत एक पान होतं, ते हाती येईपर्यंत थांबायचं ठरवलं. ते येईना. चिलटं मला चावत राहिली. आता हल्ला करू, मग करू म्हणता म्हणता पाळ्या गेल्या आणि माझा जीव संपला. लोकांनी दिगूभाऊंना खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण ते कोणाला पेलले नाहीत.

"ते पान उलटा," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

त्यांनी उलटलं. बळ पुरवणारं साधं पान होतं, गड्डीतलं सगळ्यात फालतू. निर्मलाताईंनी न मागता त्यांची उरलेली गड्डीही माझ्यापुढे पसरली. मांडणीत पाहिलेलीच पानं होती.

"मग हे पालथं का ठेवलं?"

"हातात दुसरं काय हुतंच न्हाई! मोकळं बसायला कसंतरी वाटतं." ते खरोखर गोंधळले होते. "पन तुमी बंब का न्हाई सोडला? मी तर उठायच्या तयारीत हुतो. तुमाला तर समदी गड्डी दावली हुती." आणि खिशातून पुडी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. बडीशेप होती.

मी ती खाल्ली. मला माझीच भयंकर लाज वाटत होती.

संध्याकाळच्या गाडीला सोडायला दिगूभाऊ स्वतः मोटरसायकलवर आले. पुलावर थांबून त्यांनी प्रवरा दाखवली, उसावर पडलेलं तांबूस ऊन दाखवलं. फलाटावर म्हणाले, "पुढल्या बारीला या. आन् तवा सोडा बिनधास्त."

गाडी हलली आणि प्रसादचा फोन आला. हरलो, हे ऐकून तो म्हणाला, "ठीक आहे. जागा दुसऱ्या कोणाला देतो. पण हा तुझा दिगूभाऊ पुढे आपल्यासमोर येऊ शकतो. त्याच्या गड्डीत काय आहे, ते काढता येईल कुठून?"

"त्यालाच विचार. सगळी पानं मांडून दाखवेल."

तो खो खो हसला. "खरी गड्डी कोणी दाखवतं का रे? वेडा आहेस की काय! तो दाखवेल ती खोटीच असणार, एवढं धरून चालायचं."

मी त्याला समजावू लागलो. सतरंजी, चाळीस पानं, निर्मलाताई, सगळं सांगितलं. तो "हो, हो" म्हणत राहिला. त्याचा माझ्या एका शब्दावरही विश्वास बसलेला नव्हता.