डेन्झिलचा खराखुरा पाठलाग

डोंगरात अडकलेल्या प्रवाशांचे जे भयपट निघतात, त्यांत गावकऱ्यांना दुसरं कामच नसतं. शेत नाही, गुरं नाहीत, पोरांची शाळा नाही. अख्खं गाव कुऱ्हाडीला धार लावून शहरातल्या गाडीची वाट बघत बसलेलं. वेस्ट व्हर्जिनियाच्या ज्या खोऱ्यात डेन्झिल रेक्सरोड राहतो, तिथे वर्षाकाठी तीन-चार अनोळखी गाड्या येतात, त्यातल्या दोन वाट चुकून. एवढ्यावर पोट भरायचं म्हटलं असतं तर गाव कधीच उपाशी मेलं असतं.

तरी असा एक सिनेमा याच खोऱ्यात निघाला, आणि त्यातला माणसं मारून खाणारा म्हातारा म्हणजे हाच डेन्झिल.

डेन्झिल शाळेची बस चालवतो. आधी लाकडाच्या गिरणीत होता. तिथे एक ओंडका घसरून तोंडावर बसला, वरचे सगळे दात गेले आणि जबडा डावीकडे सरकला तो सरकलाच. बसमधल्या पोरांना त्याचं काही नाही. पहिलीतल्या पोरीच्या बुटाची नाडी सुटली की ती पाय सरळ त्याच्या मांडीवर ठेवते आणि तो बांधून देईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसते.

सिनेमावाल्यांनी त्याला पेट्रोल पंपावर कॉफी पिताना पाहिलं आणि घबाड सापडल्यासारखे हरखले. "काका, कवळी काढता येते का?" एकाने विचारलं. डेन्झिलला वाटलं, दातांचा डॉक्टर असेल बिचारा. त्याने काढून दाखवली. दुसऱ्या दिवसापासून तो खुनी झाला. संवाद एकही नाही; नुसतं गुरगुरायचं, रबरी कुऱ्हाड उगारायची आणि किंचाळणाऱ्या पोरांमागे लंगडत धावायचं. एका पोरीला धाप लागली तर हा कुऱ्हाड खाली ठेवून तिला पाणी द्यायला गेला. दिग्दर्शकाने कपाळावर हात मारून घेतला.

सिनेमा चालला. मग बाहेरगावचे लोक जत्रेत त्याला गाठून म्हणू लागले, "एकदा गुरगुरून दाखवा ना." भिडेखातर तो दाखवायचा. एकदा असाच गुरगुरत असताना एक बाई आपलं लेकरू छातीशी धरून लांबून वळसा घालून गेली. डेन्झिल घरी आला आणि जेवला नाही. त्याची बायको ओलेटा एका वाक्यात चार कामं उरकणारी बाई. ती म्हणाली, "ताट उचल, हात धू, आणि आता शपथ घे, ते तोंड पुन्हा करायचं नाही." त्याने शपथ घेतली, अगदी मनापासून. जत्रेला जाणंही सोडलं.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा आठवडा असतो, तेव्हा तिकडे शाळांना सुट्टी देतात. दिली नाही तरी वर्गात कुणी नसतंच. त्या आठवड्यात एका दुपारी डेन्झिल अंगणातल्या झाडाला हरीण टांगून सोलत होता. रिमझिम होती, पण वर कड्यावर सकाळपासून काळंकुट्ट झालं होतं. खाली ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून हॉर्न ऐकू आला आणि मग लगेच गप्प झाला. डेन्झिल होता तसा उतरला.

म्हणजे कसा, तर रक्ताने माखलेला रबरी एप्रन, हातात फासळ्या तोडायची कुऱ्हाड.

पुलाच्या मधोमध एक चकचकीत गाडी बंद पडली होती. तोंड डेन्झिलच्या घराकडे. पाणी पुलावरून वाहत चाकांच्या मध्यापर्यंत आलेलं. आत एक तरुण आणि एक तरुणी. डेन्झिलने पाण्याकडे पाहिलं. ते गढूळ होतं आणि त्यातून फांद्या, पालापाचोळा, कुणाच्या तरी कुंपणाचा खांब वाहत येत होता. कड्यावरचा लोंढा निघाला होता. अर्धा तास, फार तर. मग पूल दिसणार नाही, गाडीही नाही.

तो काचेशी गेला आणि त्या खोऱ्यातला कुठलाही भला माणूस अनोळखी माणसाला जे विचारतो तेच त्याने विचारलं.

"पोरांनो, तुम्ही कुणाचे?"

आत पोरगी दारापासून लांब सरकली.

"तुम्ही इथे आहात हे घरच्यांना ठाऊक आहे का?" नसेल तर निरोप धाडायचा, ही तिथली रीत.

पोराने दाराची कडी पुन्हा दाबून पाहिली.

"दोघंच ना? चला वर. ओलेटा चूल पेटवून बसलीये. ताजं मटण टांगलंय."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. पोरगी त्याच्या तोंडाकडे एकटक बघत होती. मग हळूच म्हणाली, "ग्रेडन, हा तोच आहे."

"कोण तोच?"

"सिनेमातला. मी चारदा पाहिलाय."

"सिनेमातला माणूस खरा कसा असेल, टेसा?"

"मग तूच बघ ना."

ग्रेडनने बघितलं. मग त्याने मागच्या सीटवरचा लोखंडी पाना उचलला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"अगं बाळ, ते नाटक होतं," डेन्झिल म्हणाला. "मी बस चालवतो. शाळेच्या पोरांची."

पोरांचं नाव काढताच टेसाला हुंदका फुटला. डेन्झिल हसला, धीर द्यावा म्हणून. हसायला नको होतं. त्याने कुऱ्हाड फेकून दिली, हात वर केले, पाण्याकडे बोट दाखवलं, "बाहेर या, वाहून जाल," असं पाचदा सांगितलं. आतून ग्रेडन एकच पालुपद आळवत होता: "आम्हाला काही नको काका, तुम्ही जा." पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं. काच फोडावी तर दोन धडधाकट माणसं पान्याने मारत सुटणार आणि तिघंही ओढ्यात जाणार.

डेन्झिलला रडू यायचं बाकी राहिलं. माणसाने आणखी किती चांगलं वागायचं? पण पाणी गुडघ्याला आलं होतं, आणि चांगुलपणाने ही दोघं मरणार हे त्याला स्वच्छ कळलं.

तो गाडीला धरत धरत मागच्या बाजूला गेला, म्हणजे पळायला पुढचा रस्ता मोकळा राहील, घराकडचा. कवळी काढून खिशात टाकली. वाहत आलेला कुंपणाचा खांब उचलला. ओलेटाची मनोमन माफी मागितली. आणि बारा वर्षं पोटात दडपून ठेवलेलं ते तोंड त्याने काचेला लावलं, असा काही गुरगुरला की समोरच्या डोंगरावरची कुत्री भुंकायला लागली, आणि खांब डिकीवर दाणकन घातला.

दोन्ही दारं एकदम उघडली. ग्रेडनचा पाना ओढ्यात गेला, टेसाचा एक बूट गेला, पण दोघं पाण्यातून असे सुटले की विचारू नका. डेन्झिल मागे. जरा थबकली की हा गुरगुरायचा, थबकली की गुरगुरायचा. गुरं हाकावीत तसं त्याने त्यांना चढावर घातलं. वर अंगणात पोहोचले तर झाडाला सोललेलं धूड, आणि दारात हातात सुरी घेतलेली ओलेटा. आगीतून फुफाट्यात.

"डेन्झिल," ती म्हणाली, "पाहुण्यांना असं आणतात होय? आणि दात कुठायत तुझे?"

तेवढ्यात खालून आवाज आला. चौघांनी वळून पाहिलं. गाडी एका बाजूला कलली, सावकाश वळली आणि पुलावरून खाली गेली. दिवे क्षणभर पाण्याखालून दिसले. मग दिसेनासे झाले. टेसा मटकन चिखलात बसली. ग्रेडन बराच वेळ ओढ्याकडे आणि मग डेन्झिलकडे बघत राहिला.

ओलेटाने दोघांना घोंगड्या दिल्या, घरी फोन लावून दिला, त्यांच्यासमोर बटाटे, मटण आणि मक्याचा गरम पाव ठेवला. डेन्झिल दात लावून, भांग पाडून, स्वच्छ शर्ट घालून टेबलाशी बसला. टेसा त्याच्याकडे बघून "थँक्यू" म्हणाली. मनापासून म्हणाली. ग्रेडनही म्हणाला. पण दोघांच्या खुर्च्या दाराच्या बाजूला सरकल्या होत्या आणि काटे हातातच होते. घास काही तोंडाकडे जाईना. सकाळपासून उपाशी होती पोरं, ते तोंडावरून दिसत होतं.

सिनेमात सगळे खोटं भ्यायचे. कॅमेरा थांबला की हसायचे. आज ही दोघं त्याला खरं भ्याली होती, जत्रेतल्या त्या बाईसारखी. त्याला फार वाईट वाटलं, आणि त्या दोघांचा रागही येईना.

तो आपलं ताट घेऊन उठला.

"कुठे निघालास?" ओलेटाने विचारलं.

"ओसरीवर. ओढा किती चढला ते बघतो."

"जेवता जेवता?"

"हो," डेन्झिल म्हणाला आणि मागे दार लावून घेतलं.

बाहेर गारठा होता. तो पायरीवर ताट मांडीवर घेऊन बसून राहिला. थोड्या वेळाने आत काट्यांचा आवाज सुरू झाला, आधी एकाचा, मग दोघांचा. तेव्हा त्याने पहिला घास घेतला.