निलेशने हात लावला की लागतं!

वायफाय नीट चाललं तर आमचं नाव कुणी काढत नाही, बंद पडलं की अख्खा जिल्हा आमच्या नावाने शंख करतो. त्यामुळे आमच्या खोलीत किश्शांना तोटा नाही. तक्रार एवढीच, की प्रत्येक किश्शात शिव्या खाणारा मी असतो आणि हार घालून घेणारा निलेश! जळतो मी त्याच्यावर. उघड सांगतो.

आमच्या संस्थेची कॉलेजं यवतमाळ, कळंब, पांढरकवडा, महागाव अशी पसरलेली. प्रत्येक ठिकाणी छताला वायफायचे डबे, आणि त्या डब्यांवर हुकूम चालवणारा एक कंट्रोलर. कुणाला किती नेट, कुठली साइट बंद, हे यवतमाळात बसून ठरवायचं आणि ते कॉन्फिगरेशन इथूनच सगळ्या कंट्रोलरांवर चढवायचं, हे आमचं काम. आम्ही म्हणजे मी, माझ्यानंतर लागलेला निलेश आणि आमचे साहेब राऊत सर. नेटवर्क इन्चार्जची जागा रिकामी होती. ती माझीच, असं मी धरून चाललो होतो. सर मात्र "पाहू" म्हणायचे, आणि पाहायचे निलेशकडे!

*

कळंबचा कंट्रोलर एकदा रुसला. मी एसटीने गेलो. जुनं कॉन्फिगरेशन पुसलं, नवीन चढवलं, जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. कंट्रोलर चालू व्हायला वेळ घेतो, म्हणून स्क्रीनकडे डोळे लावून बसलो. तेवढ्यात प्राचार्यांना निलेशचा फोन आला, "सर, आता पाहा बरं."

त्यांनी पाहिलं. लागलं होतं!

"पाहा," प्राचार्य मला म्हणाले, "तुमी दिवसभर बसून राह्यले, अन् त्या पोरानं यवतमाळातून केलं!"

परतताना चिंतामणीच्या दर्शनाला गेलो. लोक तिथं बुद्धी मागतात, मी निलेशची बदली मागितली.

*

बरं, चुका तो करत नाही का? मुलींच्या वसतिगृहाचं कॉन्फिगरेशन त्याने एकदा चक्क मुख्य ऑफिसवर चढवलं! सगळ्यांच्या मोबाईलवर वायफायचं नाव आलं, 'मुलींचे वसतिगृह'. आमचे बडे बाबू मोबाईल घेऊन धावतच आले.

"अबे निलेश, घरी बायकोनं पाह्यलं तर मी काय सांगू?"

वसतिगृहात दिवसा व्हिडिओ, रील, मॅच सगळं बंद असतं. ते ऑफिसातही बंद पडलं. आणि त्या दिवशी नेमकी मॅच! मी मनातल्या मनात निलेशचा मेमो टाइप करत होतो. संध्याकाळी राऊत सर आले.

"आज कितीक दिवसाच्या फायली निघाल्या रे! निलेश, हेच सेटिंग राहू दे. फक्त नाव बदल!"

मी रीतसर नोटीस लावून पासवर्ड बदलला होता, तेव्हा हेच सर म्हणाले होते, "इचारून करत जा!"

*

पांढरकवड्याला मी गेलो की "पाणी तिकडं कॅनमध्ये हाय" एवढंच स्वागत. वर प्रश्न, "निलेशभाऊ नाही आले?" एकदा मी वैतागून सांगितलं, "ताप आला आहे त्याला."

काम संपवून निघालो, तर तिथला क्लार्क पिशवी घेऊन मागे आला. "निलेशभाऊले द्या. शेतातले सीताफळं हायेत. बिचारा आजारी हाय!"

ती पिशवी मी यवतमाळपर्यंत मांडीवर सांभाळत आणली. निलेशने पहिलं फळ फोडून मलाच दिलं. "खा भाऊ, गोड हाय." होतंही गोड. त्याचाच जास्त राग आला.

*

आता महागावचा किस्सा. सर म्हणाले, "आज सगळ्या कॉलेजांवर नवीन कॉन्फिगरेशन चढवा. काम पाहतो अन् संध्याकाळी इन्चार्ज कोण, ते सांगतो." तयारी आम्ही दोघांनी केली, पण बटण दाबायला सरांनी निलेशला बसवलं. माझा तिळपापड झाला.

स्क्रीनवर प्रत्येक कॉलेजचा एक ठिपका असतो. कळंब हिरवं. पांढरकवडा हिरवं. महागाव लाल! निलेशने एक आकडा चुकीचा टाकला होता आणि त्या कंट्रोलरशी आमचा संपर्कच तुटला होता. त्याचा चेहरा उतरला. सर खुर्चीतून उठले. आणि माझ्या, खोटं कशाला सांगू, मनात लाडू फुटले!

"सर, आता तिथं जाऊनच दुरुस्त करावं लागेल. मी जातो!"

लॅपटॉप, केबल, हेल्मेट उचललं आणि निघालोसुद्धा. सर मागून काहीतरी म्हणत होते, मी थांबलो नाही. आर्णी रोडला लागतो न लागतो, तोच निलेशचा फोन.

"भाऊ, वापस या. महागाव हिरवं झालं."

"कोणी केलं?"

"कोणीच नाही. संपर्क तुटला तर थोड्या वेळानं आपोआप जुन्या सेटिंगवर वापस यायचं, हे तुमीच टाकलं होतं ना सकाळी!"

मी गाडी बाजूला घेतली. गडबडीत माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. पण म्हणजे महागाव वाचवलं ते मीच! छाती फुगली.

"सरले सांगतलं का, ते म्या टाकलं होतं म्हणून?"

"सांगतलं ना भाऊ! लगेच सांगतलं."

"मग? काय म्हणाले?"



"म्हणाले, आपोआपच येणार होतं, तर हा पठ्ठ्या पळाला कायले?"