नामशेष पोपटाचा हिरवा रंग

आखातात, रास अल खोरच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी नोकरी करतो, तिथे मॉलमधल्या प्रदर्शनांसाठी फायबरचे प्राणी बनतात. यंदा नामशेष पक्ष्यांचं काम आलं. त्यात रियुनियन बेटावरचा एक पोपट होता. माणसं त्या बेटावर राहायला गेली आणि काही पिढ्यांत तो संपला. पेंढा भरलेले दोनच उरलेत, युरोपातल्या संग्रहालयांत. तपकिरी अंग, राखी-जांभळट डोकं, लाल चोच.

मी तालुक्याच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. घरातला पहिला पदवीधर. त्या पदवीचे उपकार मी आजही मानतो. इथेही तिच्यामुळेच घेतलं; मॉडेल बरोबर असल्याची सही करायला प्राणिशास्त्राचा पदवीधर लागतो.

रंगकाम बघायला गेलो, तर पोपट हिरवागार.

"उस्ताद, ये भूरा था," मी पेंटरला चित्र दाखवलं.

"भूरा तोता? साब, लोग बोलेंगे धूल जमी है."

चित्र घेऊन मॅनेजरकडे गेलो. तो केरळचा, तसा प्रेमळ माणूस. "क्लायंट को ग्रीन पसंद है, खलास. और देखा किसने है? वो तोता आके कम्प्लेंट करेगा क्या?"

सगळे हसले. मीही हसलो.

"यल्ला, साइन कर. ट्रक खडा है."

मी सही केली. मला कोणी धमकावलं नव्हतं. नाही म्हणालो असतो, तर फार तर ट्रक दुसऱ्या दिवशी गेला असता. तेवढंही माझ्याकडून झालं नाही.

शनिवारी प्रदर्शन बघायला गेलो. पोपटासमोर एक मराठी कुटुंब उभं होतं.

"बाबा, धिस वन कम्स टू अवर बाल्कनी!" मुलगी म्हणाली.

"हो गं. आपल्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये थवेच्या थवे आहेत. आणि म्हणे नामशेष!" वडील हसले.

मला राहवलं नाही. "अहो, तो हा नव्हे. तो तपकिरी होता. जगात आता एकही नाही."

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि पाटीवर बोट ठेवलं. "इथे लिहिलंय, तज्ज्ञांनी तपासलेलं. तुम्ही कोण?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"भाऊ, जरा बाजूला होता का?" मुलीच्या आईने मोबाइल उचलला. "फोटोत येताय."

मी बाजूला झालो.