वजनकाट्याच्या झोळ्या

आमी दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते म्हंजे नळाखाली लेकरांच्या वजनकाट्याच्या कापडी झोळ्या धुतल्या. बायको बारामतीला लेकरांच्या वॉर्डात नर्स होती. रिटायर झाल्यावर लेकरांच्या नर्सांच्या संघटनेची अध्यक्ष झाली आन् गावोगाव वजनं घेत हिंडायची.

मी म्हटलं, "अध्यक्षीणबाई, धुवायला दुसरं कुणी न्हाय व्हय?"

"झोळीला वास राहिला की लेकरू रडतं. रडलं की काटा ठरत न्हाय. आन् मी धुतल्या न्हाईत तर बाकीच्या कशाला धुतील? पिळा नीट."

"वजन कमी भरलं तर पुढं काय करता?"

"उद्या पणदऱ्याला चला, दावते. इतक्या वर्षांत आज इचारताय!"

त्याच रात्री ती झोपेतच वारली.

सकाळी संघटनेच्या नर्सा आल्या. पणदऱ्याचं काम पुढं ढकलू म्हणाल्या.

मी म्हटलं, "आया लेकरं घेऊन येऊन बसतील. दोघी तरी जावा. पर आधी मला सांगा, वजन कमी भरलं तर काय करता?"

एक जण तिच्या उशाशी डोळे पुसत बोलली, "आईला रागवत नाही, आबा. लेकरू काय खातं ते तिला बोलू देतो. आठ दिवसांनी तिच्या घरी जातो."

"आन् तरी न्हाय वाढलं तर?" मी इचारलं.